ग्रुप बघा, ग्रुप!

सकाळी साडेसहाला भाऊंच्या खिडकीत एक हात दिसतो. खांद्यातून सरळ ताणलेला, मुठीत वहिनींची इस्त्री, समोर कोरी भिंत. डावा हात पँटच्या खिशात. नव्या दूधवाल्याला वाटलं, म्हातारा भिंतीला इस्त्री करतोय. गल्लीला मात्र माहीत आहे, भाऊंचं ‘होल्डिंग’ चालू आहे. तोवर हाक मारायची नाही. हाक मारलीत तर भाऊ उत्तर देत नाहीत, पण दिवसभर ऐकवतात.

भाऊ निवृत्त झाले ते २०१८ साल. त्याच वर्षी जकार्त्याच्या एशियाडमध्ये राही सरनोबतनं २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं. एशियाडमध्ये नेमबाजीचं सोनं मिळवणारी पहिली भारतीय महिला, आणि ती आमच्या कोल्हापूरची. गावानं फटाके लावले. भाऊंनी एअर पिस्तूल घेतलं. तेजस्विनी सावंत, स्वप्नील कुसाळे या रायफलवाल्यांचाही त्यांना अभिमान आहे. स्वप्नीलला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळालं तेव्हा त्यांनीच पेढे वाटले. पण माझ्या हातावर पेढा ठेवता ठेवता म्हणाले, “मास्तर, रायफलला दोन हात, जाकीट, पट्टा. पिस्तुलाला काय? एक हात आणि एक मन. त्यातलं मनच हलतंय.”

दहा मीटरवरच्या टार्गेटमधला दहाचा गोल ११.५ मिलिमीटरचा असतो, सदऱ्याच्या बटणाएवढा. त्यावर ७५ मिनिटांत ६० छर्रे मारायचे. फ्रंट साइट रिअर साइटच्या खाचेत एक मिलिमीटर इकडंतिकडं झाली की टार्गेटवर जवळपास तीन सेंटिमीटरचा फरक पडतो, दहाचा सात होतो. हे मला कसं माहीत? कारण वहिनी पोळी लाटत असताना भाऊंनी ते पोळपाटावर पिठात काढून दाखवलं. वहिनींनी त्यावरच पुढची पोळी लाटली.

पण खरी गंमत पुढं आहे. नेम धरताना टार्गेटकडं बघायचं नसतं. नजर फ्रंट साइटवर. ती लख्ख दिसली पाहिजे आणि टार्गेट धुरकट. साठीच्या डोळ्यांना हे कुठलं जमतंय? भाऊ चष्मेवाल्याकडं गेले. “जवळचं की लांबचं?” त्यानं विचारलं. भाऊंनी खिशातून सुतळी काढली, एक टोक डोळ्याशी धरलं, दुसरं ताणलेल्या हाताच्या मुठीपुढं. “एवढ्यावरचं. त्याच्या पुढचं दिसलं तर पैसे देणार नाही.” असं गिऱ्हाईक त्या दुकानानं पूर्वी पाहिलं नसावं.

रेंजवर त्यांना शिकवते ती एकोणीस वर्षांची मुलगी. भाऊ तिला मॅडम म्हणतात, ती त्यांना काका. काकांचा ग्रुप, म्हणजे छऱ्यांचा घोळका, कायम डावीकडं खाली. उजव्या हाताच्या नेमबाजानं ट्रिगर हळू दाबण्याऐवजी खेचला की छर्रे बहुधा तिथंच जाऊन बसतात. भाऊंचा या निदानावर विश्वास नाही. ते प्रत्येक दहा छऱ्यांनंतर खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढतात आणि साइट दोन क्लिक उजवीकडं घेतात.

“काका, साइट नाही. बोट.”

“ग्रुप बघा, ग्रुप! सगळे एका जागी आहेत.”

“हो, पण चुकीच्या जागी.”

भाऊंच्या डायरीत प्रत्येक छऱ्याची नोंद असते आणि प्रत्येक वाईट छऱ्याला कारण. ‘आठ : बाजूच्या लेनवाला शिंकला.’ ‘सात : रात्री तांबडा रस्सा.’ ‘सात : चहा, अर्धाच.’ ‘सहा : कारण सापडले नाही, शोध चालू.’ बोटाचं नाव सबंध वहीत नाही.

दुसऱ्याची चूक मात्र त्यांना शंभर पावलांवरून दिसते. मी स्कूटर लावायला लागलो की, “हात वळवू नका, पाय फिरवा!” कॅरम खेळणाऱ्या पोरांना, “सोंगटी गेली तरी बोट तिथंच ठेव, फॉलो थ्रू!” दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल घेऊन फिरणाऱ्या पाच वर्षांच्या पोराला त्यांनी गल्लीत थांबवलं : नळी माणसाकडं धरायची नाही, कधीच नाही, रिकामी असली तरी नाही. त्या वेळी मात्र आवाजात गंमत नव्हती. पोरगं अजूनही पिस्तूल जमिनीकडं धरून टिकल्या उडवतं.

गेल्या महिन्यात मॅडमनं दोन गोष्टी केल्या. स्क्रू ड्रायव्हर काढून घेतला आणि सरावाला भाऊंच्या समोरच्या मॉनिटरवर वर्तमानपत्र चिकटवलं. छर्रा कुठं लागला ते बघायचं नाही. उचला, श्वास, दाबा, खाली घ्या. भाऊ चिडले, घामाघूम झाले, साठ छर्रे मारले. कागद काढला तर ५३८! आयुष्यातला सर्वांत मोठा आकडा. त्या संध्याकाळी भाऊंनी सगळ्या गल्लीला भेळ दिली आणि रात्री वहिनींच्या परवानगीनं पांढरा रस्सा घेतला.

मग जिल्ह्याची स्पर्धा झाली. तिथं मॉनिटर उघडा होता. भाऊंनी प्रत्येक छऱ्यानंतर बघितलं. ५०९. डायरीत कारण : ‘मॉनिटर फार झगझगीत.’

तो स्क्रू ड्रायव्हर सध्या आमच्याकडं आहे, तांदळाच्या डब्यात. मॅडमनंच ठेवायला दिलाय. भाऊ काल दोनदा येऊन गेले, म्हणाले, पंख्याचा स्क्रू ढिला झालाय. तुम्हाला कुठं भेटले आणि त्यांनी विचारलं, तर एवढं करा : तुम्ही काही वाचलेलं नाही.