घोडे वाढवाल, लगामाचं काय?

माझदाची एमएक्स-5 ही गाडी 1989च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार शोमध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आली. दोन माणसांची, उघड्या टपाची, वजनानं हजार किलोच्या आत. इंजिन 1.6 लिटरचं, ताकद जेमतेम 116 हॉर्सपॉवर. लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. आणि लगेच विचारलं, हिच्यात टर्बो कधी बसणार?

तो प्रश्न आजही संपलेला नाही.

ब्रिटनमध्ये तर फार थांबावंही लागलं नाही. 1991च्या सुमारास बीबीआर या कंपनीचा टर्बो बसवलेली 150 हॉर्सपॉवरची एमएक्स-5 मिळू लागली. अमेरिकेत टर्बो किट विकणं हा स्वतंत्र धंदा झाला. वळणावर मजा यावी म्हणून जपानी अभियंत्यांनी जीव ओतून गाडी बनवली आणि मालकाला ती सरळ रस्त्यावर पळवायची होती. सरळ पळणाऱ्या गाड्या बाजारात कमी होत्या का?

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. टर्बो हे उत्तम यंत्र आहे. अर्धवट बसवलेला टर्बो हा धोका आहे. या दोन वाक्यांमधलं अंतर कापायला जो पैसा आणि जी अक्कल लागते, त्यांच्याबद्दल किट विकणारा बोलत नाही.

यंत्र समजायला अवघड नाही. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक चक्र फिरवतो. त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतं. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. ही चक्रं मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतात. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यानं 1905 मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं. शंभर वर्षांहून जुन्या कल्पनेचे तोटेही जगाला तितक्याच वर्षांपासून माहीत आहेत. मग ते जाहिरातीत का नसतात?

जाहिरात सांगते, वाया जाणाऱ्या धुरातून फुकट ताकद मिळते.

फुकट काही मिळत नाही. हवा दाबली की तापते. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाला हात लावून पाहिलेल्या कुणालाही हे सांगायला नको. आधीच तापलेल्या आणि दाबलेल्या हवेला पिस्टन वर येऊन आणखी दाबतो. मग ठिणगीची ज्वाळा पोचायच्या आत कोपऱ्यातलं मिश्रण स्वतःहून भडकतं. गॅरेजात याला नॉकिंग म्हणतात. थोडं झालं तर टकटक ऐकू येते. जास्त झालं तर पिस्टनच्या रिंगांमधला धातू तुटतो, आणि पुढचा आवाज बिलाचा असतो.

म्हणून कॉम्प्रेशन रेशो नावाचा आकडा आधी बघायचा. पिस्टन मिश्रण कितीपट दाबतो, ते हा आकडा सांगतो. टर्बोशिवायच्या स्पोर्ट्स कारमध्ये तो मुद्दाम चढा ठेवतात, कारण त्या इंजिनाला बाहेरून मदत नसते. पोर्शच्या 1973च्या कॅरेरा आरएसचा रेशो 8.5 होता. दोन वर्षांनी आलेल्या 911 टर्बोचा पोर्शनं 6.5 वर आणला. टर्बो लावायचा म्हणून पोर्शनं आधी इंजिनाचं आतलं गणित बदललं. आपण काय बदलतो? बॉनेटखालचा पाइप.

नव्या इंजिनांत थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडतात, त्यामुळे रेशो पूर्वीइतका उतरवावा लागत नाही, हे खरं. पण उतरवावा लागतोच. टोयोटा 86 आणि सुबारू बीआरझेड या 2012च्या जुळ्या गाड्यांत दोन लिटरचं इंजिन, रेशो 12.5, ताकद 200 हॉर्सपॉवर. त्याच कुळातल्या इंजिनावर सुबारूनं डब्ल्यूआरएक्ससाठी टर्बो चढवला तेव्हा रेशो 10.6 केला आणि 268 हॉर्सपॉवर काढली. इंजिन ज्यांनी घडवलं, त्यांनाही 12.5 वर टर्बो लावून गाडी विकावीशी वाटली नाही. किटवाल्याला मात्र वाटते.

कुणाचं ऐकायचं, हे सांगायला हवं का?

इतिहासच पाहिजे असेल तर 1962 मध्ये जा. अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर आली. टर्बो लावून विकलेल्या पहिल्या प्रवासी गाड्यांपैकी ही एक. साडेतीन लिटरचं व्ही-8 इंजिन, ताकद 215 हॉर्सपॉवर आणि रेशो चक्क 10.25. नॉकिंग होऊ नये म्हणून पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण इंजिनात फवारायची सोय केली होती. त्याची वेगळी टाकी, त्याला ‘टर्बो रॉकेट फ्लुइड’ असं भारदस्त नाव. मालकांनी ती टाकी भरायची होती.

मालकांनी ती भरली नाही.

टाकी रिकामी झाली की टर्बोचा जोर आपोआप कापला जायचा, म्हणजे पैसे टर्बोचे आणि गाडी साधी. तक्रारी एवढ्या आल्या की टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून द्यायची पाळी कंपनीवर आली. 1963 नंतर गाडीच बंद झाली. जनरल मोटर्ससारख्या बलाढ्य कंपनीला जे पेललं नाही, ते एखाद्या ट्यूनरला शनिवार-रविवारच्या सुट्टीत पेलेल असं कशावरून मानायचं?

आता हवेचा हिशेब. वातावरणाचा दाब 14.7 पीएसआय. टर्बोनं त्यावर चढवलेला जादा दाब म्हणजे बूस्ट. सात पीएसआयचा बूस्ट म्हणजे जवळपास निम्मी हवा वरून. किटवाल्यांच्या भाषेत हा ‘सौम्य’ बूस्ट. या जादा हवेला पेट्रोल कमी पडलं की मिश्रण पातळ होतं, पातळ मिश्रण जास्त तापतं, आणि तापलं की परत नॉकिंग. म्हणून मोठे इंजेक्टर हवेत. मग मोठा पेट्रोल पंप हवा. हवा थंड करायला इंटरकूलर हवा. इंटरकूलर रेडिएटरच्या तोंडाशी बसला की रेडिएटरला हवा कमी, म्हणून रेडिएटरही मोठा हवा. टर्बोच्या बेअरिंगला इंजिनाचं तेल जातं, म्हणून तेलाची वेगळी लाइन हवी आणि तेल लवकर बदलायला हवं. वाढलेला टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, क्लच प्लेट धरू शकली नाही, तर क्लचही नवा. किटच्या किमतीत यातलं किती येतं?

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत.

सगळे पुर्जे आणले तरी मुख्य काम बाकीच राहतं. इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला, नवं गणित शिकवावं लागतं. कुठल्या आरपीएमला किती पेट्रोल, ठिणगी किती आधी, हे त्याच गाडीवर, डायनो या ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, त्याच पेट्रोलवर बसून ठरवायचं काम आहे. कुणाच्या तरी दुसऱ्या गाडीचं हे गणित, म्हणजे मॅप, आयतं उतरवून घेणारेही आहेत. इंजिन वेगळं, पेट्रोल वेगळं, हवामान वेगळं. मॅप तेवढा सारखा. दुसऱ्याच्या चिठ्ठीवर औषध घेणाऱ्याला आपण शहाणा म्हणतो का?

आणि डायनोवर छापून मिळणाऱ्या कागदाला एवढं मिरवायचं कारण काय? त्यावर एका दिवसाचा, काही सेकंदांचा आकडा असतो. उन्हाळ्यातल्या घाटात, तिसऱ्या गिअरमध्ये, सलग दहा मिनिटं इंजिन किती तापतं, हे त्या कागदावर छापलेलं नसतं.

ताकद वाढवताना कारखाना कसा वागतो, ते माझदाकडूनच शिकावं. 1994 मध्ये एमएक्स-5ला 1.8 लिटरचं इंजिन मिळालं. ताकद 116 वरून 128. वाढ फक्त बारा हॉर्सपॉवरची. तेवढ्यासाठी माझदानं डिफरन्शियल मोठा केला, ब्रेक मोठे केले, चासीला जादा आधारपट्ट्या दिल्या.

बारासाठी एवढं. तुम्ही शंभर वाढवताय.

पुढे 2004 मध्ये माझदानं स्वतःच टर्बोवाली माझदास्पीड एमएक्स-5 काढली. पंधरा वर्षं लोक मागत होते, हाताशी कंपनीचे अभियंते होते, चाचणीची मैदानं होती. एवढं सगळं असताना ताकद किती ठेवली? 178 हॉर्सपॉवर. साध्या गाडीपेक्षा 36 जास्त. लोकांना ती कमी वाटली. पण गाडी विकून झाल्यावर वॉरंटीची जबाबदारी ज्याच्या डोक्यावर असते, तो असाच वागतो. जबाबदारी नसलेल्यालाच तीनशेचा आकडा परवडतो.

ब्रेकांचं तर कुणी नावच काढत नाही. वेग ताशी 100 वरून 140 केला तर वेग वाढतो दीडपटीहून कमी, पण थांबण्यासाठी ब्रेकांना जिरवावी लागणारी ऊर्जा जवळपास दुप्पट होते. शाळेतलं भौतिकशास्त्र आहे, त्यात वादाला जागा नाही. तरी बूस्टचा मीटर आधी लागतो आणि ब्रेक पॅड ‘पुढच्या महिन्यात’ येतात. पुढचा महिना प्रत्येकाला मिळतोच असं नाही.

हे लिहिताना मला राग येतो, कारण शेजारच्या सीटवर बहुतेक वेळा दुसरं कुणी तरी बसलेलं असतं.

मग टर्बोशिवायच्या या गाड्यांत काही उणीव नव्हतीच का? होती. 86च्या इंजिनात साधारण 3500 ते 4500 आरपीएमच्या दरम्यान टॉर्कला खड्डा पडायचा. पिकअप मधेच सुस्तावायचा. तक्रार रास्त होती आणि सगळ्यांनी एकसुरात टर्बो मागितला. 2021च्या नव्या गाडीत टोयोटा-सुबारूनं काय दिलं? टर्बो दिला नाही. इंजिन 2.4 लिटरचं केलं. ताकद 228 हॉर्सपॉवर झाली. टॉर्क 205 न्यूटन-मीटरवरून 250च्या घरात गेला, आणि पूर्वी जो सहा हजारांच्या पुढे मिळायचा तो 3700 आरपीएमला मिळू लागला. खड्डा बुजला, वजन फारसं वाढलं नाही, पायाखालचा पेडल तसाच चपळ राहिला.

दुखणं ओळखलं की औषध वेगळंही निघतं.

पेडलचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच डायनोवर दिसत नाही. टर्बो नसलेलं इंजिन पायाचं लगेच ऐकतं. वळणाच्या मध्यावर पाय तसूभर दाबला की गाडी तेवढीच सरकते. टर्बोला आधी धूर हवा, मग फेरे, मग दाब, आणि मग ताकद. आजचे टर्बो हा वेळ खूप कमी करतात. पण स्वस्त किटमधला मोठा टर्बो आधी काहीच देत नाही आणि नंतर सगळं एकदम देतो. वळणाच्या मध्यावर, मागच्या चाकांना. सत्तरच्या दशकातल्या 911 टर्बोची दहशत याच सवयीमुळे होती.

होंडा एस2000 घ्या. 1999ची गाडी, दोन लिटरचं इंजिन, अमेरिकेत 240 हॉर्सपॉवर, सुई नऊ हजारांपर्यंत जाणारी. त्या गाडीचं सारं सुख वरच्या तीन हजार फेऱ्यांत आहे. टर्बोनं मधेच पोतंभर टॉर्क ओतला की वर जायची ओढच उरत नाही. ज्या सुखासाठी पैसे मोजले, तेच पुन्हा पैसे मोजून घालवायचं. हा कुठला व्यवहार?

कायदाही आहे, हे सोयीनं विसरलं जातं. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना ठाऊक असेल, तिथे प्रदूषण नियंत्रणावर परिणाम करणाऱ्या पुर्ज्याला राज्याच्या एअर बोर्डाची मंजुरी लागते. मंजुरीचा क्रमांक नसेल तर स्मॉग तपासणीत गाडी अडकते. मग दर खेपेला टर्बो काढायचा, साधे पाइप लावायचे, पास झालं की पुन्हा बसवायचा. एवढ्या मेहनतीत माणूस गाडी चालवायला शिकला असता.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे. कंपनीच्या मूळ नोंदींशी न जुळणारा बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये ठणकावून सांगितलं. अपघात झाला की विमा कंपनीचा माणूस आधी बॉनेट उघडतो. आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागातली वेगमर्यादा ताशी 100 आहे. ती गाठायला टर्बो लागतो का?

टर्बोच हवा असेल तर जन्मतः टर्बोवाली गाडी घ्या. आपल्या चाकणच्या कारखान्यातून पोलो जीटी टीएसआय बाहेर पडायची. इंजिन जेमतेम 1.2 लिटरचं, पण टॉर्क 175 न्यूटन-मीटर. पिस्टनपासून गिअरबॉक्सपर्यंत प्रत्येक पुर्ज्याला ठाऊक होतं की टर्बो येणार आहे.

तरीही आहे त्याच गाडीवर चढवायचा असेल, तर चढवा. पण पूर्ण करा. पिस्टन, कनेक्टिंग रॉड, पेट्रोल, थंडावा, क्लच, डिफरन्शियल, ब्रेक, टायर, आणि स्वतःच्या गाडीवर बसून केलेलं ट्यूनिंग. असं काम करणारे कसबी लोक जगात आहेत आणि त्यांच्या गाड्या वर्षानुवर्षं पळतात. त्यांच्यापुढे हात जोडावेत. त्यांच्या बिलाचा आकडा ऐकून जे उठतात, त्यांनी स्वस्त किटकडे वळू नये. चांगले टायर घ्यावेत, चांगले ब्रेक पॅड घ्यावेत, चाकांचं अलाइनमेंट करावं आणि उरलेल्या पैशांत रेस ट्रॅकवर शिकवणाऱ्या माणसाशेजारी बसावं. गाडी हळू आहे, ही तक्रार बऱ्याचदा तिथेच मिटते.

किट घ्यायला गेलातच, तर किती हॉर्सपॉवर वाढेल हे विचारू नका. ते किटवाला न विचारताच सांगेल. विचारा, माझ्या इंजिनाचा रेशो किती, पेट्रोल कोणतं लागेल, क्लच आणि ब्रेक कोणते, ट्यूनिंग कोण करणार, आणि इंजिन खोलावं लागलं तर पैसे कोण देणार?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कागदावर सहीनिशी मिळालं नाही, तर तिथून उठा.