जबलपूरचा नवा बदलीकर

बदलीकर ही मराठी मध्यमवर्गातली एक स्थलांतर करणारी जमात आहे. वय पंचेचाळीस ते पंचावन्न, नोकरी केंद्र सरकारची, रेल्वेची किंवा बँकेची, आणि घरात मुलाची दहावी किंवा बारावी, ही तिची तीन लक्षणे. तिसरे लक्षण नसेल तर माणूस सहकुटुंब जातो आणि त्याची गणना या जमातीत होत नाही. बदलीकर भारतात सगळीकडे आढळतो, पण जबलपुरात तो हमखास सापडतो. तोफगाड्यांचा कारखाना या शहरात १९०४ पासून आहे. पुढे खमरियाचा दारूगोळा कारखाना आणि लष्करी वाहनांचा कारखाना यांची भर पडली. त्यामुळे खडकी, वरणगाव, भंडारा किंवा अंबाझरीच्या आयुध निर्माणीत अर्धे आयुष्य निवांत काढलेल्या माणसाच्या कपाळी जबलपूर कधीही येऊ शकते. २००३ मध्ये पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय इथे आले आणि रेल्वेवाल्यांचीही सोय झाली.

नागपूरहून जबलपूर सुमारे पावणेतीनशे किलोमीटर, पुणे सातशेहून अधिक. तरीही पुण्याला गेलेला मुलगा ‘शिकायला गेला’ असतो आणि जबलपूरला गेलेला बाप ‘लांब पडला’ असतो. हे अंतर किलोमीटरमध्ये मोजायचे नसते, याबद्दल घरात एकमत असते.

हुकूम हाती पडताच बदलीकर तो रद्द करण्यासाठी अर्ज करतो. कारण ‘पाल्याची बारावी’. कार्यालयातल्या निम्म्या लोकांचे पाल्य वर्षानुवर्षे बारावीतच असल्यामुळे वरिष्ठांवर या कारणाचा परिणाम होत नाही. मग सामान बांधले जाते. बदलीकर ते बांधत नाही. तो फक्त ‘एवढं कशाला’ असे म्हणत बाजूला उभा असतो. त्यात तीन लिटरचा कुकर, पोळपाट-लाटणे, गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, दाण्याचे कूट, दुहेरी पिशवीत बांधलेली लोणच्याची बरणी, पाच किलो तूरडाळ आणि दोन किलो गूळ असतो. डब्यांवर मुलीने नावाच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात, कारण बाबांना साखर आणि मीठ यांतला फरक चाखल्याशिवाय कळत नाही, हे घरात सिद्ध झालेले असते. इटारसी सोडल्यावर ही डाळ आणि हा गूळ घेऊन गाडी आधी गाडरवाऱ्यात थांबते, जिथली तूरडाळ प्रसिद्ध आहे, आणि नंतर करेलीत, जिथला गूळ प्रसिद्ध आहे. बदलीकर दोन्ही ठिकाणी खाली उतरून चहा पितो आणि सामान जागेवर आहे ना, हे पाहायला लगबगीने परत चढतो.

नरसिंहपूर गेल्यापासून तो दाराशी उभा असतो. जबलपूरच्या आधी मदनमहाल स्थानक लागते. तिथे अर्धी गाडी रिकामी होते. ते पाहून बदलीकरही उतरतो आणि न्यायला आलेला शिपाई मुख्य स्थानकावर वाट पाहत राहतो.

पहिले काही दिवस कार्यालयाच्या विश्रामगृहात जातात आणि ते खोली शोधण्यात संपतात. या कामात त्याला कळते की घरमालकाच्या नजरेत एकटा विद्यार्थी आणि एकटा उपव्यवस्थापक यांत काही फरक नसतो. ‘भाईसाब, फॅमिली कब आएगी?’ हा प्रश्न भाड्याच्या आकड्याआधी येतो. ‘बारावीनंतर’ या उत्तराने घरमालकाचे समाधान होत नाही. तो बदलीकराला मुलाचा विषय, टक्के आणि क्लासची फी विचारून घेतो. शेवटी गोरखपुरात दुसऱ्या मजल्यावर खोली मिळते. ही बातमी फोनवर कळताच घरी हलकल्लोळ होतो, कारण बायकोला ठाऊक असलेले गोरखपूर उत्तर प्रदेशात असते. जबलपूरच्या एका पेठवजा वस्तीचेही तेच नाव आहे, हे पटवायला त्याला नकाशा पाठवावा लागतो. त्यानंतर शेजारी सहज बोलता बोलता २२ मे १९९७ च्या पहाटेचा भूकंप सांगतात. त्या रात्री बदलीकर खाट दाराजवळ ओढतो. मदनमहालच्या टेकडीवर एका खडकावर टेकलेला दुसरा प्रचंड खडक त्या भूकंपातही हलला नाही, असे शेजारी धीर द्यायला सांगतात. पण आपण खडक नाही, याची बदलीकराला जाणीव असते.

आता अन्न. सकाळी कोपऱ्यावर पोहे आणि जिलबी. पोह्यांवर शेव पाहून तो नाक मुरडतो, घरी फोन करून तक्रार सांगतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच मागतो. खव्याच्या जिलबीशी मात्र त्याचे पहिल्याच दिवशी जुळते. काळपट, जाड, पाकात मुरलेला हा पदार्थ जबलपूरचा खास आहे आणि बदलीकराच्या साखरेच्या तपासणीचा अहवाल नागपूरला राहिलेला आहे. दुपारी डबा येतो. डब्यात सोमवारी बटाटा आणि कोबी, मंगळवारी बटाटा आणि वांगे असते; बुधवारी नुसता बटाटा असतो, म्हणून तो त्यातल्या त्यात बरा वाटतो. चौथ्या-पाचव्या दिवशी कुकर बाहेर निघतो. फोन मेतकुटाच्या डब्याला टेकवून ठेवला जातो आणि स्वयंपाक दोन राज्यांतून सुरू होतो.

‘अहो, पाणी किती घातलंत?’

‘बेताचं.’

‘बोटाचं एक पेर म्हटलं होतं मी.’

‘माझं बोट तुझ्याहून मोठं आहे.’

शिट्ट्या पलीकडून मोजल्या जातात. तिसरी झाल्यावर पलीकडूनच ‘बंद करा’ असा हुकूम येतो. पोळपाट-लाटणे अजून वर्तमानपत्रातच गुंडाळलेले असते आणि परतीच्या प्रवासातही त्याच वर्तमानपत्रात जाते. थंडीत फोनवर आणखी एक चौकशी होते: ‘तिकडे मटार मिळतो का हो?’ जबलपूर हे मटारचे मोठे आगर आहे आणि इथला माल हंगामात महाराष्ट्रातल्या बाजारांत जातो. विचारणारी त्या वेळी जे दाणे सोलत असते, ते बहुधा शहापुरा-पाटण भागातल्या शेतातून तिच्याआधीच प्रवास करून आलेले असतात.

बदलीकराचा सामाजिक वावर चहाच्या टपरीवर सुरू होतो. तिथे त्याला ‘बड्डे’ म्हणतात. जबलपुरात ओळखीच्या-अनोळखी कुठल्याही बाप्याला हे संबोधन चालते. होकाराला ‘हओ’. पंधरवड्यात बदलीकरही ‘हओ’ म्हणू लागतो, पण फोनवर ते तोंडातून निसटले की मुलगी दिवसभर हसते. पुण्याचा बदलीकर असेल तर टपरीवर एक वाद ठरलेला. बोलण्याच्या ओघात तो ओशोंचा उल्लेख ‘आमच्या कोरेगाव पार्कचे’ असा करतो. टपरीवाला शांतपणे सांगतो की ते १९६६ पर्यंत इथल्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत होते आणि पुण्याचा आश्रम १९७४ चा. पुणेकराला मिळालेले हे दुर्मिळ प्रत्युत्तर असते. त्यावर तो चहा पातळ असल्याचे सांगतो.

पहिला रविवार भेडाघाटाचा. धुवांधार धबधबा, चौसष्ट योगिनींचे मंदिर, संगमरवरी कड्यांमधून नाव आणि नावाड्याची यमके जुळवून केलेली माहिती, असा हा ठरलेला कार्यक्रम आहे. बदलीकर तिथे आनंद घेत नाही, पुरावा गोळा करतो. घरच्या गटावर धबधब्याची छायाचित्रे जातात. त्यावर मुलगा अंगठा पाठवतो, आत्या ‘जिस देश में गंगा बहती है’ इथेच चित्रित झाला होता म्हणून कळवते, आणि बायको विचारते, ‘शर्टाला इस्त्री कोणी केली?’ नर्मदेचा पत्ता नातेवाइकांना लागला की खरी गर्दी सुरू होते. कुणाला पूजेसाठी नर्मदेतला गोटा हवा असतो, कुणाचे मेहुणे परिक्रमेत असतात आणि ग्वारीघाटाला पोचल्यावर दोन दिवस ‘आपल्या माणसाकडे’ उतरणार असतात. एका खाटेच्या खोलीत अशा रीतीने पुण्यसंचय होतो. मेहुणे निघताना ‘नर्मदे हर’ म्हणतात आणि बदलीकर मनापासून ‘हर’ म्हणतो.

या सगळ्या काळात बदलीकराची ठाम समजूत असते की जबलपुरात येऊन पडलेला पहिला मराठी माणूस तोच. वस्तुस्थिती वेगळी आहे. गढा-मंडल्याचे राज्य १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी घेतले, नंतर ते नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि १८१७ मध्ये जबलपूर इंग्रजांच्या हाती पडले. पुढे नागपूर आणि जबलपूर एकाच मध्य प्रांतात नांदली. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची नवी मांडणी झाली, नागपूरचे राजधानीपण गेले आणि उच्च न्यायालय जबलपूरला आले. म्हणजे आपले वडील ज्या प्रांतात जन्मले त्याच प्रांतातल्या शहरात नागपूरचा बदलीकर ‘परमुलूख’ म्हणून उसासे टाकत असतो. हे त्याला गोलबाजारातल्या दत्तमंदिरात कळते. तिथे एक आजोबा त्याला आडनाव विचारतात, मूळ गाव विचारतात, दोन नातेवाईक सामाईक काढतात आणि गणपतीत प्रसादवाटपाची जबाबदारी सोपवतात. त्यांचे कुटुंब पाच पिढ्या इथे आहे. त्यांच्या मराठीत हिंदी आहे आणि बदलीकराच्या हिंदीत मराठी, त्यामुळे संभाषण उत्तम चालते.

यानंतर बदलीकराचे सुरुवातीचे दिवस संपू लागतात. ते पूर्ण संपल्याची खूण एकच: कार्यालयात नवा बदलीकर रुजू होतो आणि जुना त्याला मदनमहालला का उतरू नये, डबा कुणाचा लावू नये, खव्याची जिलबी किती वाजता गरम मिळते, हे सांगू लागतो. बदली रद्द करण्याचा अर्ज तो नियमाने दरवर्षी करतो, पण त्यातला जोर कमी होत जातो. रविवारी पाय वर घेऊन चहा पिणे, टॉवेल खुर्चीवर वाळत टाकणे, कुणी न विचारता दुसरी जिलबी खाणे, या गोष्टींची सवय लागलेली असते. हा अर्ज मंजूर होऊ नये असे त्याला मनापासून वाटू लागते, तोपर्यंत मुलाची बारावी संपलेली असते आणि घरची मंडळी जबलपूरला यायला निघालेली असतात.