पेटी उघडा, हिशेब मिटवा

‘मग पुढे काय?’ या प्रश्नाने आपल्याकडे जितके छंद मारले, तितके वेळेच्या टंचाईनेही मारले नसतील. कुणी पन्नाशीत पेटी शिकायला लागतं, कुणी दुर्बीण घेऊन पाणवठ्यावर पक्षी बघत बसतं, कुणी बिघडलेला ट्रान्झिस्टर उघडून सोल्डरिंगला बसतं. आठवडा होत नाही तोच विचारणारे हजर. परीक्षा देणार का? कार्यक्रम कधी? चॅनल काढलंत का? यातून काही मिळतं का? माणूस चार दिवस उत्तरं देतो आणि पाचव्या दिवशी पेटी कपाटावर चढते.

मला या प्रश्नाचा राग आहे, आणि तो आज काढायचा आहे.

सुरुवात पेटीपासूनच करतो. हौशी माणसं काय काय तगवतात याचा तिच्याइतका ठळक पुरावा माझ्याकडे दुसरा नाही. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीवर बंदी घातली. कारणं पोकळ नव्हती. पेटीचे सप्तकातले बारा सूर आधीच ठरून येतात. दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत शिरायला वाट नाही, म्हणून मींड निघत नाही. रागारागांत गंधार-धैवताच्या जागा ज्या बारकाईने बदलतात, ती बारकाई तिच्यात मावत नाही. वाद्य मुळात युरोपातलं, मिशनऱ्यांबरोबर इकडे आलेलं. रवींद्रनाथ ठाकुरांनाही ते नावडतं. ही बंदी १९७१ पर्यंत चालली, आणि तेव्हाही ती पुरती उठली नाही, फक्त सैल झाली.

एकतीस वर्षं! देशातलं सगळ्यात मोठं व्यासपीठ एवढा काळ बंद असताना वाद्य मरायला हवं होतं. ते का मेलं नाही?

मैफलीत मोठे वादक साथ करत होते, हे खरंच आहे. पण मैफली त्या किती आणि वादक किती? पेटी बनवणाऱ्याचा धंदा चालतो भजनी मंडळांवर, कीर्तनांवर, नाटकाच्या तालमींवर आणि देवघराशेजारी कापडात गुंडाळून ठेवलेल्या घरच्या पेटीवर. ज्याला चार अभंग आणि दोन आरत्या एवढंच वाजवता येतं, अशा माणसाने पेटी विकत घेतली, वेळोवेळी दुरुस्त करून घेतली, म्हातारपणी पुतण्याला दिली. म्हणून गुजरातेत पालिताण्याला पितळी सूर घडवणारे हात टिकले. म्हणून तालुक्याच्या गावात दुरुस्तीचं दुकान टिकलं. आणि म्हणूनच गोव्यातल्या बोरी गावच्या तुळशीदास बोरकरांना किंवा अप्पा जळगावकरांना त्यांच्या तोडीची पेटी घडवून देणारे कारागीर मिळाले. बोरकरांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. त्या पद्मश्रीत असंख्य बेताच्या भजनी मंडळांचा वाटा आहे, असं मी मानतो आणि कुणाशीही त्यावर वाद घालायला तयार आहे.

पेटीचा दुरुस्तीवाला काम करताना एकदा तरी पाहावा. वरची फळी काढतो, पट्ट्या बाजूला करतो, एकेक सूर पोलादी पात्याने हलकेच खरवडतो. टोकाशी खरवडलं तर सूर चढतो, मुळाशी खरवडलं तर उतरतो. हाताला जाणवणार नाही इतकंच पितळ निघतं, मग पुन्हा बसवून, भाता मारून, कान लावून ऐकायचं. शेजारी रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न चाललेले असतात आणि हा माणूस षड्ज-पंचमाच्या मधली थरथर थांबेपर्यंत हलत नाही. पावसाळ्यात त्याच्याकडे रांग असते, कारण दमट हवेत लाकूड फुगतं आणि पट्ट्या अडकतात. उंदरांनी कुरतडलेले भातेही येतात. फळीवर ओळीने ठेवलेल्या त्या पेट्या बघा. कुठल्यावर मंडळाचं नाव रंगवलेलं, कुठल्यावर हळदीकुंकवाचे डाग, एखादीच रेक्झिनच्या पेटाऱ्यात आलेली, कलावंताची. दुकान कोण चालवतं ते त्या फळीवर लिहिलेलं असतं.

आमच्या इमारतीत एसटीतून निवृत्त झालेले एक वाहक राहतात. आयुष्य तिकिटं पंच करण्यात आणि सुट्ट्या पैशांवरून वाद मिटवण्यात गेलं. निवृत्तीनंतर त्यांनी जुनी पेटी घेतली. सध्या भूप चालू आहे. सा, रे, ग, प, ध. पाचच सूर, म्हणून नवशिक्याला तो सोपा म्हणून देतात. पण गंधारावरून पंचमावर जाताना मध्ये मध्यमाची पट्टी लागते, बोट सवयीने तिच्यावर पडतं आणि भूप मोडतो. काका थांबतात. पुन्हा षड्जापासून. पुन्हा मध्यम. पुन्हा षड्जापासून. हे सगळं सकाळी साडेसातच्या पुढे, खिडकी अर्धी लावून.

त्यांना सोसायटीचं पत्र आलं. ‘आपल्या वाद्याचा इतर सभासदांना त्रास होतो.’

याच सोसायटीच्या आवारात उत्सवाच्या दिवसांत स्पीकरच्या भिंती लागतात. तावदानं हादरतात, तान्ही पोरं दचकून उठतात, बायपास झालेले आजोबा कानांत कापूस घालून मुलीकडे राहायला जातात. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून लागू आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही, काही ठरावीक दिवशी सरकार बाराची सवलत देतं तेवढीच. त्या भिंतींना कुणी पत्र धाडलं नाही. सकाळच्या वेळी, घराच्या आत, हाताने भाता मारून भूप वाजवणारा माणूस मात्र त्रासदायक ठरला. मी त्यांना म्हटलं, “काका, तुम्ही वाजवा. पत्राचं उत्तर मी देतो.” ते म्हणाले, “जाऊ दे हो, मला तरी कुठे नीट येतंय?”

हे वाक्य मला त्या पत्रापेक्षा जास्त लागलं. नीट येत नाही म्हणून वाजवायचा हक्क नाही, असं त्यांना कुणी शिकवलं? आपण सगळ्यांनी शिकवलं.

लहानपणापासून शिकवतो. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, ते गाणं दरबारांच्या आणि घराण्यांच्या कुंपणातून सामान्य घरांत यावं म्हणून. पुढे त्यातूनच प्रारंभिक ते विशारद, अलंकारपर्यंतच्या परीक्षा उभ्या राहिल्या. त्या परीक्षांचे उपकार मोठे आहेत. खेड्यापाड्यांतल्या मुलींना घरातून गाण्याच्या क्लासला जायची परवानगी मिळाली, ती ‘परीक्षा असते’ या एका शब्दावर. पण आज काय चाललंय? दहावीला शास्त्रीय कलांच्या आणि चित्रकलेच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात. गुण मिळावेत, माझी हरकत नाही. हरकत आहे ती निकालानंतर जे होतं त्याला. निकाल लागला की तबला डग्ग्यासकट दिवाणाखाली जातो. ज्या पोराने पाच-सहा वर्षं त्रिताल, झपताल, रूपक केला, त्याला अकरावीत कुणी विचारत नाही की बाबा, आता तुला हवं ते वाजव. कारण हवं ते वाजवण्याला गुण नाहीत. आईबापांनो, तबला दिवाणाखालून काढा. आता कुठे तो त्याचा होणार आहे.

चालण्याचंही आपण तेच केलं. सकाळी बागेत जा, निम्मी मंडळी मनगटाकडे बघत चालतात. दहा हजार पावलं पूर्ण व्हायला हवीत. नाही झाली तर रात्री जेवणानंतर दिवाणखान्यात सोफ्याभोवती फेऱ्या. हा दहा हजाराचा आकडा आला कुठून? १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये व्यायामाची लाट आली होती. १९६५ साली तिथल्या एका घड्याळ कंपनीने पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं आणि त्याच्या विक्रीसाठी हा गोल आकडा पुढे केला. २०१९ साली अमेरिकेत सोळा हजारांहून अधिक वयस्कर महिलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला सुमारे २७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४४०० च्या आसपास चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण स्पष्टपणे कमी दिसलं, आणि साधारण ७५०० च्या पुढे वाढीव फायदा दिसेनासा झाला. म्हणजे कोपऱ्यावरच्या भाजीवालीपर्यंत रमतगमत जाऊन येणारी आजी काही कमी करत नव्हती. तिला नातवाने घड्याळ बांधलं आणि रोज रात्री ती नापास व्हायला लागली.

ज्याला आकडे आवडतात त्याने खुशाल मोजावेत, मोजणं हासुद्धा छंद असू शकतो. मी बोलतोय ते बळजबरीच्या मोजणीबद्दल. चालताना सोनमोहर फुलला ते दिसायला हवं, वाटेत शाळेतला मित्र भेटला तर पावलांची पर्वा न करता अर्धा तास उभं राहता यायला हवं.

खरेदीबद्दल फार लिहीत नाही. सायकल चालवण्याआधी सायकलीपेक्षा महाग हेल्मेट-गॉगल, गडावर जाण्याआधी परदेशी बूट, फोटो काढायच्या आधी तीन लेन्सा. हे दुकानदारांचं काम आहे आणि ते चोख करतात. नव्याने सुरुवात करणाऱ्याला एवढंच सांगेन की आधी कुणाचं तरी जुनं मागून आणा. आपल्या नात्यागोत्यात धूळ खात पडलेली सायकल, पेटी, दुर्बीण किंवा कॅमेरा सापडला नाही असं घर मला दाखवा.

आणि ‘पुढे काय’ विचारणाऱ्यांना थोडं इतिहासातलं. गोविंदराव टेंबे पेटी बहुतांशी स्वतःच शिकले, आणि त्याच माणसाने १९११ च्या ‘मानापमान’ला चाली दिल्या. डॉ. अरविंद थत्ते यांची डॉक्टरेट गणितातली आहे आणि देशभरच्या मैफली त्यांच्या पेटीला ओळखतात. बंगळूरचे जी. राज नारायण अभियंता आणि बासरीवादक. त्या दोन आवडी एकाच डोक्यात नांदल्या म्हणून इलेक्ट्रॉनिक तंबोरा जन्माला आला, आणि आज ज्या मुलीला वन रूम किचनमध्ये चार तारांचा तंबोरा ठेवायला जागा नाही, तिलाही षड्ज मिळतो. एकाच आयुष्यात दुसरी एखादी ओढ जपायला वाव मिळाला, की असं काहीतरी उगवतं.

तरी ही मोठी नावं घेताना मला थोडं अवघडायला होतं. कारण त्यांच्या आडूनही ‘बघा, पुढे झालं ना काहीतरी’ हाच हिशेब डोकं वर काढतो. माझे शेजारी पद्मश्रीच्या वाटेवर नाहीत आणि त्यांना जायचंही नाही. त्यांचं झालंय ते असं. परवा रेडिओवर भूप लागला. काका हातातला चहा खाली ठेवून ऐकत होते. गाणारी बाई गंधारावरून थेट पंचमावर गेली, मध्यमाला शिवलीसुद्धा नाही, आणि काका म्हणाले, “बघा, कशी टाळली!” आयुष्यभर ते गाणं ऐकत आले होते, पण टाळलेला सूर त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आला. तो ऐकू येण्यासाठी त्यांच्या बोटाला तिथे कितीदा तरी ठेच लागावी लागली. गाणाऱ्या बाईला असाच श्रोता हवा असतो. सभागृह अशा माणसांनी भरलं तर आपल्या संगीताची चिंता करणारे परिसंवाद भरवावे लागणार नाहीत.

आता कामाचं बोलू. बहुतेक सोसायट्यांमध्ये तळमजल्याला एक खोली असते. नकाशात तिचं नाव सोसायटी ऑफिस किंवा क्लब हाऊस. आत मोडक्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, गेल्या गणपतीचं थर्माकोल, रंगाचे उरलेले डबे आणि कुणीतरी टाकून दिलेली ट्रेडमिल. तो पसारा एका रविवारी उपसता येतो. भिंतीला जुन्या गोधड्या आणि सतरंज्या लावल्या की आवाज बराच आत राहतो. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी ती खोली उघडी ठेवा. ज्याला पेटी वाजवायची त्याने पेटी आणावी, ज्याला रेडिओ खोलायचा त्याने तारा आणाव्यात, ज्याला कॅरमवर एकट्याने नेम साधायचा त्याने तो साधावा. प्रवेश अर्ज नको, वयाची अट नको, वार्षिक स्नेहसंमेलनात ‘सादरीकरण’ तर मुळीच नको. वीज बिल फार तर एका पंख्याचं आणि दोन दिव्यांचं.

खोलीची किल्ली सेक्रेटरींकडे असते. येत्या सर्वसाधारण सभेची नोटीस लागेल तेव्हा पार्किंगच्या आणि गळतीच्या आधी हा विषय लेखी द्या, आणि ठराव मांडायला उभे राहाल तेव्हा अनुमोदनासाठी शेजारच्या एखाद्या काकांना आधीच विचारून ठेवा.