पाच धोंड्यांचं स्थळपुराण

आमचा पुतण्या एडिंबराला असतो. दर रविवारी तो कुठेतरी पायी भटकतो आणि त्याची शिक्षा म्हणून आम्हाला फोटो पाठवतो. मागल्या ऑक्टोबरात त्याने एका ओढ्याचा फोटो पाठवला. गुडघाभर पाणी, त्यात ओळीने टाकलेले चौदा दगड आणि काठावर एक लाकडी पाटी. पाटीवर त्या दगडांचा इतिहास बारीक अक्षरांत. पलीकडची माणसं चर्चला यायची ती याच दगडांवरून, अमुक दगड पुरात हलला, तमुक दगड गावकऱ्यांनी पुन्हा बसवला, वगैरे. तिकडे ओढ्याला 'बर्न' म्हणतात, हेही त्यानेच कळवलं. बारा महिने गारठलेल्या मुलखात पाण्याला जळण म्हणायचं म्हणजे त्या लोकांना विनोदबुद्धी असली पाहिजे.

खाली एक ओळ होती : 'काका, आपल्याकडे असं काही जपतात का?'

हा प्रश्न त्याने साताऱ्याच्या काकाला विचारला असता तर निभावलं असतं. त्याने तो पुण्याच्या काकाला विचारला.

मी रात्रभर जागून पुरावा जमवला. पुण्याचं मूळ गाव म्हणजे कसबा. त्याच्या पूर्वेला नागझरी, पश्चिमेला आंबिल ओढा. कात्रजच्या डोंगरात उगम पावलेला हा ओढा पर्वतीच्या पायथ्यावरून आजच्या बाजीराव रस्त्याच्या आसपासून उतरायचा आणि शनिवारवाड्याच्या बाजूला मुठेला मिळायचा. पेठा वाढल्या, पुराचं पाणी घरात येऊ लागलं, तेव्हा अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांनी ओढा पर्वतीपाशीच वळवला. आता ओढा होता म्हणजे त्याला दोन काठ होते. दोन काठ होते म्हणजे या काठाच्या माणसाचं त्या काठावर काहीतरी काम होतं. आणि तेवढ्या कामासाठी पुणेकर धोतर भिजवून घेईल हे संभवत नाही. म्हणजे दगड होतेच. पुण्यात एवढ्या पुराव्यावर तीन दिवसांची व्याख्यानमाला होते.

सकाळी मी मोहिमेवर निघालो. "निघालाच आहात तर," असं म्हणून हिने कापडी पिशवी हातात दिली. कोथिंबीर, आलं, दोन लिंबं. कोलंबसाच्या बायकोनेही त्याला मिरी आणायला सांगितली असणार. इतिहासकार त्या बाजूने विचारच करत नाहीत.

स्वारगेटहून मंडईला मेट्रोने गेलो. २०२४ च्या सप्टेंबरअखेरीला हा भुयारी टप्पा सुरू झाला आणि स्वारगेट-मंडई हे एकच स्टेशनाचं अंतर असल्यामुळे प्रवासापेक्षा सरकते जिनेच जास्त झाले. डब्यात बसल्यावर ध्यानात आलं की जुन्या पात्राच्या खालून कुठेतरी आपण आत्ता चाललोय. पाय न भिजवता हा ओढा ओलांडण्याची माझी ही पहिलीच वेळ. मी शेजारच्या गृहस्थांना तसं सांगितलं. त्यांनी मोबाइल खिशात घातला आणि खिशावर हात ठेवला.

वर आलो तर समोर मंडईची इमारत. काळ्या दगडाची, मधोमध अष्टकोनी मनोरा, चर्च व्हायला निघालेली आणि वाटेत भाजी घ्यायला थांबलेली. ५ ऑक्टोबर १८८६ ला तिचं उद्घाटन झालं आणि नाव पडलं रे मार्केट, मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून. हे रे कोण, तर स्कॉटलंडच्या मॅके घराण्याचे प्रमुख! जन्म मात्र हॉलंडमधला. मी तिथल्या तिथे पुतण्याला कळवलं की तुमच्या स्कॉटलंडच्या सरदाराच्या नावावर आमच्याकडे पन्नासेक वर्षं वांगी विकली गेली आहेत. शिवाय पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट म्हणून बसलेला एल्फिन्स्टन स्कॉटिश, आणि १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापणारा ग्रँट डफही स्कॉटिश. एवढी माणसं तिकडून इथे येऊन आमचा इतिहास लिहून गेली, तर मी त्यांच्या चौदा दगडांपुढे मान का तुकवावी?

मंडईची गंमत अशी की ती मूळची इथली नाही. आधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भरायचा. त्यासाठी इमारत बांधायचं निघालं तेव्हा नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी विरोध केला होता. त्यांचं म्हणणं, हा पैसा शिक्षणावर घाला. पैसा इमारतीवरच गेला आणि पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्याच इमारतीला महात्मा फुले मंडई हे नाव मिळालं. एखाद्याचं म्हणणं ऐकायचं नसलं की त्याचं नाव द्यावं, ही पद्धत तेव्हापासूनची आहे की आधीची, ते तपासायला हवं. थोडक्यात, ओढा इथून हलवला आणि मंडई इथे हलवली. मूळ जागेवर राहिलेत ते फक्त पुणेकर.

मी रस्त्यावर उभं राहून चौकशी सुरू केली. एका दुकानदारांना विचारलं, "इथे ओढा कुठे होता?"

"पहिल्या मजल्यावर विचारा."

"माणूस नव्हे हो. आंबिल ओढा."

"मग एकच्या आत यायचं. आता दुकान बंद झालं." अकराला पाच कमी होते, पण त्यांचा आवाज इतका ठाम होता की मीच घड्याळ हलवून पाहिलं.

रिक्षावाला जास्त मदतीला आला. "आंबिल ओढा ना? बसा. दांडेकर पूल. मीटरने नाही येणार."

"अहो, तो आत्ताचा. पूर्वी इथून वाहायचा. पेशव्यांनी तिकडे हलवला."

"कधी?"

"पावणेतीनशे वर्षं होत आली."

"मग बरोबर सांगितलं की मी," तो म्हणाला. "जुना पत्ता घेऊन फिरायचं आणि रिक्षावाल्याशी वाद घालायचा!"

खरं तर या गावात पाण्याचा जुना पत्ताच सगळीकडे चालतो. सारसबागेतल्या देवाला तळ्यातला गणपती म्हणतात. त्याच्याभोवतीचं तळं कधीच बुजलं. लकडी पुलात लाकडाची काडी नाही. नव्या पुलाने शंभरी गाठली. पेशव्यांनी कात्रजहून नळ घालून शहरात पाणी आणलं आणि जागोजाग हौद बांधले. आज फडके हौद म्हणजे बसथांबा. पाण्याने जागा सोडली तरी नाव खाली करत नाही, पेठेतल्या भाडेकरूसारखं. आंबिल ओढा मात्र अधूनमधून आपण कोण आहोत ते दाखवून देतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याने काठच्या वस्त्यांचं जे केलं, माणसं नेली, संसार नेले, त्याबद्दल थट्टा करायला जीभ वळत नाही.

बाजीराव रस्त्याने मी शनिपारापर्यंत गेलो. पुढे विश्रामबागवाडा डाव्या हाताला टाकून शनिवारवाड्यापर्यंत उतरलो आणि परत आलो. एकूण चाल दोनेक किलोमीटर. उतार जाणवतो का हे पायांना विचारत होतो; पायांनी चपलेबद्दल तक्रार केली. एके ठिकाणी मला जमिनीत पुरलेला काळा दगड दिसला आणि मी वाकून निरखू लागलो. मागे सात-आठ माणसं जमली. कोणीतरी विचारलं, "चावी पडली का?" दुसऱ्याने परस्पर उत्तर दिलं, "दात." दगड रस्त्याच्या हद्दीचा निघाला.

मंडईत परतेपर्यंत आभाळ भरून आलं होतं. परतीचा पाऊस पुण्यात सांगून येत नाही, पण आला की वसुलीला आल्यासारखा येतो. मी मनोऱ्याखाली गाळ्यांच्या रांगेत शिरलो. उंच ओट्यांवर बसलेले विक्रेते, खाली आपण. मंडईत गिऱ्हाईक नेहमी मान वर करून भाव विचारतं. अर्धा तास कोसळला. थांबल्यावर बाहेर आलो तर इमारत आणि रस्ता यांच्यामध्ये ओढा.

होय, ओढाच. पाच-सहा हात रुंद, चांगला वाहता. कुठलं तरी गटार तुंबलं होतं, हे शास्त्रीय कारण झालं. माझ्या दृष्टीने ओढा मूळ पत्त्यावर आला होता. कोबीची पानं, कोथिंबिरीच्या काड्या, झेंडूच्या पाकळ्या आणि एक एकुलती एक चप्पल उत्तरेकडे चालली होती. दिशा बरोबर होती! शनिवारवाड्याकडे.

आणि मी पाहतच राहिलो. काकडीवाल्या मावशींनी पदर खोचला, एक पोरगं हाताशी घेतलं आणि बघता बघता पाण्यात पाच टप्पे टाकले. पलीकडून माणसं उड्या मारत येऊ लागली.

"मावशी, हे दगड कधीचे?" मी वही काढली.

"आत्ताचे. तुमच्यासमोर तर टाकले."

"तसं नव्हे. मूळचे कुठले?"

मावशींनी माझ्याकडे, वहीकडे आणि रिकाम्या पिशवीकडे पाहिलं. "काकडी घ्या अर्धा किलो, सांगते."

काकडी घेतली. आता जे लिहितो आहे ते प्रत्यक्ष मुलाखतीवर आधारलेलं आहे. पहिला टप्पा, शहाबादी फरशीचा तुकडा. चहावाल्याच्या ओट्याचा. चहावाल्याच्या मते तो त्याने उसना दिला आहे, मावशींच्या मते गेल्या पावसाळ्यापासून तो मावशींचाच. दुसरा टप्पा, दोन विटा. एरवी त्या ताडपत्रीच्या टोकांवर असतात. आत्ता ताडपत्री पोरगं धरून उभं होतं. तिसरा, वीस किलोचं लोखंडी माप. "सासऱ्यांच्या वेळचं. तवा बटाटा मणानं जायचा." काट्याची जागा बॅटरीच्या वजनकाट्याने घेतली तेव्हापासून माप निवृत्त आहे. वरचा छाप पावलांनी गुळगुळीत झालाय. पाचवा टप्पा टोमॅटोचा पालथा प्लास्टिक क्रेट. त्याला धोंडा म्हणावं की नाही याबद्दल विद्वानांत दुमत होईल.

चौथ्या टप्प्याला मात्र माझा हात थरथरला. काळा कातीव दगड. एक कड सरळ, टाकीच्या खुणा स्पष्ट.

"हा पेशवाईतला आहे," मागून आवाज आला. छत्रीवाले वृद्ध गृहस्थ होते. "वाड्याच्या जोत्याचा."

"कसली पेशवाई?" दुसरे, पाठीला पिशवी लावलेले. "टाकी बघा. इंग्रजी काम. ही मंडई बांधताना उरलेला."

"इंग्रज दगड उरवत नव्हते."

"पेशवे जोती विकत नव्हते."

"आमच्या दारातल्या पायरीचा हाये तो," एक हमाल म्हणाला. त्याच्याकडे दोघांनीही लक्ष दिलं नाही, कारण तो प्रत्यक्ष साक्षीदार होता.

वादात भाग घ्यायचा तर दगडाजवळ जायला हवं म्हणून मी पाण्यात उतरलो, म्हणजे फरशीवर पाय टाकला. फरशी डुगडुगली. विटांवर आलो. मापावर आलो. मापावर एकच पाय मावतो. दुसरा पाय हवेत धरून, एका हातात काकडी, एका हातात छत्री, मी चौथ्या दगडावरच्या टाकीच्या खुणा पाहायला वाकलो.

"ओ काका!" मागून मंडई ओरडली. "वाचताय काय? पाय टाका!"

समोरून एक बाई फ्लॉवरचा गड्डा छातीशी धरून पेशवाईवर येऊन उभ्या राहिल्या. मला मागे जाता येईना, त्यांना पुढे येता येईना. चर्चला जाणारे स्कॉटिश लोक अशा वेळी काय करत असतील ते त्या पाटीवर लिहिलेलं नव्हतं. पुण्यात त्या बाई म्हणाल्या, "ज्येष्ठ नागरिक असलात तरी रांग आहे," आणि मी सरळ पाण्यात पाय ठेवला. पोटरीपर्यंत. आंबिल ओढा गार होता आणि त्याला शेपूच्या भाजीचा वास येत होता.

रामेश्वर चौकात चहा घेतला, चपलेतलं पाणी ओतलं, आणि एकदम आठवलं की फोटो राहिला. वीस मिनिटांत परत गेलो. पाणी ओसरलं होतं. फरशी चहावाल्याच्या ओट्यावर, तिच्यावर स्टोव्ह. विटा ताडपत्रीवर. माप मावशींच्या गादीखाली, त्या त्याच्यावरच बसल्या होत्या. क्रेटमध्ये टोमॅटो. काळा दगड कुठे दिसेना. शोधता शोधता सापडला, हातगाडीच्या चाकाला उटी म्हणून लावलेला.

"जरा बाजूला काढता का? फोटो घ्यायचाय," मी हमालाला म्हटलं.

"काढतो की. पण गाडीत कांदा आहे आणि तुम्ही उताराच्या बाजूला उभे आहात."

उतार होता तर! एवढा एक पुरावा मिळाला. मी तसाच फोटो काढून पाठवला. चाक, चिखल, खाली दगडाची एक कड. एडिंबराहून लगेच उत्तर आलं : 'काका, यात ओढा कुठे आहे?'

मी लिहिलं, 'दांडेकर पुलाला. मीटरने येणार नाहीत.'

घरी गेल्यावर हिने पिशवी उलटी केली. अर्धा किलो काकडी.