भाड्याचं लोखंड

रायगडच्या किनाऱ्यावर लोखंड विकत मिळत नाही, भाड्याने मिळतं. पैसे पूर्ण मोजायचे, पावती आपल्या नावावर घ्यायची आणि समुद्र मागेल तेव्हा मुकाट परत करायचं. खिडकीचे गज, फ्रिजची मागची बाजू, मोटारसायकलचा सायलेन्सर, सगळ्यांची मुदत ठरलेली. मुंबईहून येऊन इथे बंगला बांधणारी मंडळी पहिल्या वर्षी नक्षीदार लोखंडी गेट बसवतात, दुसऱ्या वर्षी त्याला रंग काढतात आणि तिसऱ्या वर्षी गेट त्या रंगाच्याच आधाराने उभं असतं.

अख्ख्या अलिबागेत मला एकच इमारत शहाणी वाटते, ती म्हणजे चुंबकीय वेधशाळा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून तिथली वेधशाळेची चुंबकीय कामं 1904 साली इथे हलवली आणि इमारत बांधताना लोखंड कटाक्षाने टाळलं. यंत्रांमधली चुंबकसूची बिचकू नये एवढाच त्यामागचा हेतू. पण बांधणाऱ्यांच्या नकळत इथलं शंभर टक्के बरोबर बांधकाम होऊन गेलं. आम्हाला इतकी अक्कल नसल्यामुळे आमच्याकडे ट्रॅक्टर आहे.

काकांचा हा ट्रॅक्टर म्हणजे जुना, लाल, इंटरनॅशनल बी-275. महिंद्रांनी 1963 साली इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीबरोबर भागीदारी केली आणि हे मॉडेल मुंबईत बनू लागलं. मूळ गाडी मात्र विलायतेतली, यॉर्कशायरमधल्या ब्रॅडफर्डच्या कारखान्यातली. आता गंमत बघा. अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्याच्या तटावर चाकाच्या गाड्यावर बसवलेल्या दोन इंग्रजी तोफा आहेत. त्यांच्यावर लो मूर या लोहकारखान्याचं नाव कोरलंय, आणि हे लो मूरही त्याच ब्रॅडफर्डचं. म्हणजे आमचा ट्रॅक्टर आणि त्या तोफा एका गावच्या. फरक एवढाच, की तोफ न उडाल्याबद्दल कुणी तिला नावं ठेवत नाही.

हा ट्रॅक्टर चौलकडच्या वाडीत पत्र्याच्या शेडखाली असायचा. सायलेन्सरच्या उभ्या नळकांड्यावर डालडाचा रिकामा डबा उपडा घातलेला. 3 जून 2020ला निसर्ग चक्रीवादळ आलं. त्यात पोफळी मोडल्या, नारळ उन्मळले, शेडचे पत्रे कुणाच्या तरी वाडीत गेले आणि डबाही गेला. ज्या घराचे वासे दिसायला लागलेत तिथे डब्याची चौकशी कोण करतो? पुढचे पावसाळे सरळ नळकांड्यातून आत उतरले. मग एकदा काकांनी हँडल घालून बघितलं, तर इंजिन तसूभर हललं नाही.

‘इंजिन जाम झालंय’ हे वाक्य गावात कुणाच्याही कानावर पडलं की तो माणूस हातातलं काम टाकून येतो. आजारी माणसाला बघायला येणारे निदान बिस्किटं आणतात. इथे प्रत्येकजण औषध घेऊन आला. एकाने सांगितलं, रॉकेल ओता. दुसरा म्हणाला, रॉकेलचा जमाना गेला, थिनर आणि गिअरचं लाल तेल निम्मंनिम्मं घाला. तिसऱ्याने कोल्ड्रिंकची मोठी बाटली आणली, ‘यात फॉस्फरिक ॲसिड असतं’ असं सांगितलं आणि बोलता बोलता निम्मी स्वतःच संपवली. शेजारच्या आजींनी बिंबलं पाठवली. आंबट काहीही लावलं की गंज विरघळतो, हे त्यांना तांब्याची भांडी घासून ठाऊक. ते खरंही आहे. फक्त नंतर सोड्याच्या पाण्याने धुऊन, सुकवून लगेच तेल लावलं नाही, तर त्याच ओल्या लोखंडावर संध्याकाळपर्यंत नवा गंज हजर. एका उत्साही माणसाने नटांवर कोकमाचं आगळ ओतायची सूचना केली, तेव्हा काकी घरातून बाहेर आल्या. आगळाचा भाव आणि ट्रॅक्टरचा भाव यांची त्यांनी तिथल्या तिथे जी तुलना केली, त्यानंतर तो विषय निघाला नाही.

नट का अडतात, तेही बघण्यासारखं आहे. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं, म्हणून इथलं लोखंड उन्हाळ्यातसुद्धा पुरतं कोरडं होत नाही. आणि गंज नुसतं लोखंड खात नाही, खाल्ल्यावर फुगतो. मूळ लोखंडाच्या दुपटी-तिपटीने जागा घेतो. आट्यांमधली ती केसाएवढी फट भरली की पाना घाला नाहीतर पहार घाला, बोल्टचं डोकं हातात येतं आणि बोल्ट आतच राहतो.

काकांचा इंजिनिअरिंगला असलेला नातू सुट्टीवर आला होता. त्याने वीज लावून गंज काढायचं ठरवलं. प्लॅस्टिकच्या पिंपात धुण्याचा सोडा घातलेलं पाणी, बॅटरी चार्जर, ऋण टोकाला गंजलेला भाग, धन टोकाला बळी द्यायचं दुसरं लोखंड. बळी म्हणून काकींचा मोडका कोयता निवडला आणि ट्रॅक्टरच्या टूलबॉक्सचं झाकण पिंपात सोडलं. रात्रभर बुडबुडे. सकाळी बघतो तर कोयता लखलखीत आणि झाकणाची चाळण! वायरी उलट्या लागल्या होत्या. काकींनी नातवाची दृष्ट काढायची तेवढी बाकी ठेवली आणि घरातल्या दोन विळ्याही आणून दिल्या.

शेवटी रेवदंड्याकडचे मिस्त्री आले. पंचाहत्तरी ओलांडलेले, चष्म्याची एक काडी तारेची. आल्याबरोबर त्यांनी चहा मागितला आणि तो संपेपर्यंत ट्रॅक्टरकडे पाहिलं नाही. तेवढ्यात कुणीतरी सगळ्यांच्या मनातलं बोलला : दुसऱ्या ट्रॅक्टरला साखळी बांधून ओढू, आपोआप सुटेल.

“सुटेल ना,” मिस्त्री म्हणाले, “पण कुठून सुटेल ते सांगता येत नाय. पिस्टन जागेवर आणि कनेक्टिंग रॉड चेंबर फोडून बाहेर, असं पण सुटतं.”

त्यांनी नोझल काढली. एका नळीच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं, ते काडीने टोकरून काढलं. चारही सिलिंडरमध्ये डिझेल आणि तेल ओतलं, भोकांवर चिंध्या बसवल्या आणि काकांना म्हणाले, “आता विसरून जा.” ते गेले. विसरणं सोडून बाकी सगळं आम्ही केलं. दिवसातून दहादा कुणीतरी चिंधी उचलून आत डोकावायचं.

गणपतीला मुंबईची मंडळी आली, तेव्हा मिस्त्री परत आले. गाडी वरच्या गिअरमध्ये टाकली, फॅनच्या पुलीवर खडूने रेघ ओढली आणि मागचं मोठं चाक धरून पुढे-मागे झुलवायला लावलं. झटका नाही, नुसतं झुलवायचं. आरतीला उशिरा येणारे भाऊबंद इथे वेळेवर हजर. रेघ ढिम्म. मग हेड उघडलं. तीन सिलिंडर तेलाने काळेभोर, सुरेख. चौथ्यात पिस्टनच्या डोक्यावर लालसर गाळ आणि भिंतीवर बोटभर रुंद तपकिरी पट्टा. ट्रॅक्टर शेवटचा बंद केला तेव्हा नेमका याच सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिला होता, म्हणून सगळा पाऊस इथेच आला. मिस्त्रींनी तो पट्टा बारीक पॉलिश पेपरने गोल गोल घासला, गाळ चिंधीने टिपून घेतला, पिस्टनवर बाभळीचा ठोकळा ठेवला आणि हातोडीने टकटक सुरू केलं. शेजारच्या दारावर इतपत टकटक केली तर शेजारीसुद्धा उठणार नाही.

रेघ हलली. तांदळाच्या दाण्याएवढी. सगळे एकदम ओरडले, तसे मिस्त्री सगळ्यांवर ओरडले. पुढे, मागे, तेल, परत पुढे. संध्याकाळी पंख्याचा पूर्ण फेरा झाला, तेव्हा काकांनी गणपतीपुढे ठेवलेल्या मोदकांतला एक ट्रॅक्टरच्या बॉनेटवर आणून ठेवला.

नव्या रिंगा, हेडचं पॅकिंग, ऑईल या सगळ्याचा खर्च काकांनी काकींना अजून सांगितलेला नाही. पण इंजिन लागलं. पांढरा, मग निळा, मग काळा धूर सोडून ठणठणीत चालायला लागलं. मग कळलं की क्लचची प्लेट फ्लायव्हीलला चिकटलीय. पाय दाबला तरी गाडी गिअर घेईना. त्यावर मिस्त्रींचा इलाज असा, की गिअर टाकूनच स्टार्टर मारायचा, क्लच दाबून धरायचा आणि सुटेपर्यंत गाडी फिरवत राहायचं.

त्याप्रमाणे काका निघाले. खाराटीच्या मोकळ्या शेतात, पहिल्या गिअरमध्ये, ताठ बसून, डावा पाय क्लचवर दाबून धरलेला. थांबायची सोय नव्हती, म्हणजे इंजिन बंद करायची तार होती, पण बंद केलं तर परत लागेल याची हमी कुणी देईना. प्रत्येक फेरीला बांधावरून नवा सल्ला मिळे आणि काका तो ऐकायच्या आत पुढे जात. काकी एका फेरीला पाणी घेऊन उभ्या राहिल्या, पुढच्या फेरीला तांब्या परत घेतला. वळणावर काकांनी ब्रेक दाबून मुद्दाम हिसका दिला तेव्हा आतून ‘खाट्’ असा आवाज आला आणि गाडी जागेवर थांबली. इंजिन चालू. क्लच सुटला होता.

बांधावर भंगारवालाही उभा होता. पावसाळाभर तो किलोचा भाव वाढवत नेत होता. तो हळूच काकांजवळ गेला आणि म्हणाला, “काका, माझा टेम्पो बंद पडलाय. अलिबागला माल न्यायचा होता. ट्रॉली जोडून एक खेप माराल का?”

काकांनी भाडं ठरवून घेतलं, आणि तेही किलोवर.