उताऱ्याबाहेरचं शहाणपण

बहुतेक राष्ट्रीय विधी विद्यापीठांत शिरायचं तर क्लॅट द्यावी लागते, आणि २०२० पासून या परीक्षेत सगळं उताऱ्यावर आलं आहे. इंग्रजीला उतारा, कायद्याला उतारा, चालू घडामोडींना उतारा. गणिताचे आकडेसुद्धा मजकुरात दडवूनच देतात. दोन तासांत १२० प्रश्न, सुमारे साडेचारशे शब्दांचा एकेक उतारा, बरोबर उत्तराला एक गुण आणि चुकलं की पाव गुण वजा. हुशार म्हणून गाजलेलं पोर यात आपटलं की घरचे म्हणतात, ‘वाचन कमी पडलं.’ मला वाटतं, वाचन जास्त झालं. उताऱ्यात जे आहे ते वाचून झाल्यावर ते थांबलं नाही. जे नव्हतं तेही वाचून बसलं.

दोष पोराचा नाही, संस्कारांचा आहे. ‘कवीला काय म्हणायचे आहे ते स्पष्ट करा’ या प्रश्नावर वाढलेली आपली जमात. चार ओळींच्या कवितेत मातृप्रेम, राष्ट्रप्रेम आणि पर्यावरण ही तिन्ही सापडली की उत्तर पुरवणीवर जातं आणि पुरवणीला गुण असतात, हा आपला साहित्यविचार. आता समजा, उताऱ्यात एवढंच लिहिलंय की टेकड्यांवरच्या बांधकामामुळे शहराच्या काही भागांत भूजल घटलं असण्याची शक्यता आहे. ‘यावरून कोणतं विधान सर्वांत योग्य ठरतं?’ पहिला पर्याय : टेकड्यांवरची बांधकामं ताबडतोब बंद व्हावीत. दुसरा : बिल्डरांमुळेच घरोघरी बोअरवेल आटल्या. तिसरा : टेकड्या ही शहराची फुप्फुसं आहेत. चौथा : निदान काही भागांत बांधकामाचा भूजलाशी संबंध असू शकतो. वर्तमानपत्राला पत्रं लिहिणारा पहिला निवडेल, सोसायटीचा सेक्रेटरी दुसरा आणि निबंधस्पर्धेत बक्षीस मिळवलेली मुलगी तिसरा. बरोबर आहे तो चौथा : मिळमिळीत, ‘निदान’ आणि ‘असू शकतो’च्या कुबड्या घेऊन उभा असलेला. प्रश्न खरं काय ते विचारत नाही, उताऱ्याच्या जोरावर काय म्हणता येईल ते विचारतो. बोअरवेल बिल्डरांमुळे आटल्याही असतील. उतारा तसं म्हणत नाही.

असली कंजुषी शिकवून काय वकील घडणार, असं कुणी विचारेल. त्याला अकोल्याला न्यावं लागेल. तिथल्या विड्याच्या पानांच्या एका व्यापाऱ्याचं म्हणणं होतं की पान ही वनस्पती, म्हणून ती भाजी, आणि भाजीवर विक्रीकर माफ आहे. वनस्पतिशास्त्र त्याच्या बाजूने होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६१ मध्ये निकाल लागला : विड्याचं पान भाजी नव्हे. न्यायालयाने वनस्पतिशास्त्राचं पुस्तक मिटलं आणि दोन गोष्टी पाहिल्या. बाजारात माणसं ‘भाजी’ कशाला म्हणतात, ही एक. दुसरी, कायद्याच्या मूळ यादीत भाजी आणि विड्याची पानं या दोन वेगळ्या नोंदी होत्या आणि पुढे पानांची नोंद वगळली गेली होती. पान भाजीतच मोडत असतं, तर वेगळी नोंद कशाला केली असती? उताऱ्यावरचाच प्रश्न की हा, फक्त पाव गुणाऐवजी कर भरायचा. उताऱ्याबाहेरच्या शहाणपणाचा व्यापाऱ्याला काडीचा उपयोग झाला नाही. (दुपारच्या जेवणाला पानाची भाजी कुणी वाढली असती, तर त्याने स्वतः खाल्ली असती का, हेही विचारण्यासारखं होतं.)

‘लेखकाचा दृष्टिकोन कोणता?’ या प्रश्नावर एक ठरलेला टोला असतो : लेखकालाच परीक्षेला बसवा, तोही नापास होईल. होऊ दे की. कायदा करणाऱ्या आमदारालाही न्यायालय बोलावून विचारत नाही, ‘दादा, तुमच्या मनात नेमकं काय होतं?’ कलम वाचतात आणि त्याच्या शब्दांवरून हेतू ठरवतात. लिहून झाल्यावर लेखक हा फार तर एक उत्साही वाचक उरतो. ‘साशंक पण आशावादी’ या पर्यायातले दोन्ही शब्द मजकुरात बोट ठेवून दाखवता आले तर तो घ्यावा, नाहीतर लेखक कितीही आशावादी दिसत असला तरी सोडावा.

दुसरा आक्षेप जड आहे : सगळं इतकं उताऱ्यातच असतं, तर उत्तरतालिका चुकते कशी? चुकते खरी. डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या क्लॅटची तालिका आधी दिल्ली उच्च न्यायालयात आणि मग सर्वोच्च न्यायालयात गेली. मे २०२५ मध्ये अमरावतीचे न्या. भूषण गवई यांच्या खंडपीठाने प्रश्न काढण्याच्या ढिसाळपणाबद्दल परीक्षा घेणाऱ्यांचे कान उपटले आणि काही उत्तरं बदलायला लावली. देशातली सर्वांत महाग वाचनपरीक्षा ती हीच. पण न्यायालयाने ‘ज्याचं त्याचं मत’ म्हणून सगळ्यांना गुण वाटले नाहीत. प्रश्न, पर्याय आणि मजकूर समोर ठेवून एकेकाचा निकाल लावला. म्हणजे चूक पद्धतीची नव्हती, ती न पाळणाऱ्यांची होती. यातली गंमत वेगळीच आहे. कानपूर विद्यापीठाच्या १९८३ मधल्या खटल्यापासून दंडक असा की तालिका बरोबरच मानायची. ती ढळढळीत चूक दिसली तरच हात लावायचा, अनुमानांची साखळी जोडून तिला चूक ठरवायचं नाही. म्हणजे अनुमानाच्या प्रश्नाचं उत्तर चुकलंय हे दाखवायला अनुमान चालत नाही. अमेरिकेतली विधी प्रवेशपरीक्षा एलसॅट त्या मानाने धूर्त : एकाहून अधिक पर्याय लागू पडतीलसे वाटतील, त्यांतला सर्वांत योग्य निवडा, असं सूचनेतच सांगून ती मोकळी होते. ऑगस्ट २०२४ पासून तिने तर्ककोड्यांचा विभाग काढून टाकला. वाचन मात्र ठेवलं.

राहिला तिसरा आक्षेप, आणि तो मला खोडता येत नाही. क्लॅट इंग्रजीतच असते. त्यामुळे परभणीच्या मुलीला मोजून मापून वाचता येतं की नाही, हे तपासण्याआधी तिला इंग्रजी किती येतं हेच तपासलं जातं, आणि अमुक इंग्रजी शब्दात किती तिरकसपणा आहे हे मिनिटभरात ओळखायला घरातलं बोलणं उपयोगी पडतं, नुसता क्लास नाही. राज्याच्या विधी सीईटीत प्रश्न मराठीतूनही मिळतात, हे बरंच आहे. पण तिथे चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत. म्हणजे बोअरवेल आटवणाऱ्या पर्यायावर आवेशाने टिचकी मारली, तरी कुणाचं काही बिघडत नाही.