ठोकात इंग्रजी

गांधीबाग म्हणजे नागपूरचा ठोक कापड बाजार. इथं एकच साडी मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे दुकानदार दयेनं पाहतो. घ्यायचा तर माल गठ्ठ्यानं घ्या. अशा एखाद्या दुकानाच्या डोक्यावर, अरुंद जिना चढून गेल्यावर जी अभ्यासिका लागते, तिच्यातला सतरा नंबरच्या खुर्चीचा मालक या बाजाराला शोभेल असाच आहे. तो इंग्रजी शब्द ठोकात उचलतो. रोजचे पन्नास, रविवारी उजळणी. त्याच्या लांबट वहीत तीन रकाने असतात: शब्द, समानार्थी, विरुद्धार्थी. शब्द कुठं वापरायचा, यासाठी चौथा रकाना आखलेलाच नसतो. एवढा माल साठवून पोराला दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत म्हणून घरचे हसतात, शेजारचेही हसतात. माझ्या मते हे हसणं चुकीच्या पत्त्यावर चाललं आहे. स्पर्धा परीक्षांकडून ज्या इंग्रजीची मागणी झाली, ती त्याच्याकडे काठोकाठ भरलेली आहे. चिल्लर विक्री करावी लागेल, असं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

साठा पाहायचा तर पाहा. नॉर्मन लुईस नावाच्या अमेरिकन माणसानं १९४९ साली ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ लिहिलं, तेव्हा त्याची पानं इतवारीच्या अलीकडे चहाच्या डागांनी एवढी समृद्ध होतील याची त्याला कल्पना नसावी. आपल्या या गृहस्थाला बापाचा खून, आईचा खून, भावाचा खून, राजाचा खून यांचे वेगवेगळे शब्द तोंडपाठ आहेत. बायकोच्या खुनाला ‘अक्सॉरिसाइड’ म्हणतात हेही तो झोपेत सांगेल, आणि लग्नाचा अजून पत्ता नाही. ‘मॅरीड’पुढे ‘विथ’ येत नाही, ‘टू’ येतं, एवढीच त्याची त्या संस्थेशी ओळख. शब्द ध्यानात राहावेत म्हणून तो ट्रिका लावतो. ‘गॅर्युलस’ म्हणजे बडबड्या, कारण गाऱ्हाणी फार. ‘ॲबंडन’ म्हणजे सोडून देणे, कारण अब बंद. भाषाशास्त्रज्ञांना या व्युत्पत्तीनं घेरी येईल, पण छत्तीस सेकंदांत ती कामाला येते.

छत्तीस सेकंदांचा हिशेब सरळ आहे. कर्मचारी निवड आयोगाच्या, म्हणजे एसएससीच्या, पदवीधर परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात शंभर प्रश्न आणि साठ मिनिटं. त्यातले पंचवीस प्रश्न इंग्रजीचे, बरोबर उत्तराला दोन गुण आणि चुकल्यास अर्धा गुण कापला जातो. बोलायला कोणी सांगत नाही, लिहायला कोणी सांगत नाही. सांगतात ते एवढंच, की वाक्याचे चार तुकडे केले आहेत, चूक कुठल्या तुकड्यात आहे ते दाखवा. नसेल तर ‘नो एरर’. वर्षानुवर्षं हाच उद्योग केलेल्या माणसाला वाक्य दिसलं की आधी त्यातली खोट दिसते. सेंट्रल अव्हेन्यूवर एखाद्या परप्रांतीय प्रवाशानं त्याला अग्रसेन चौकाचं मेट्रो स्टेशन इंग्रजीत विचारलं, समजा. उत्तर त्याला माहीत आहे. पण स्टेशन ‘ऑन द रोड’ की ‘इन द रोड’? ‘ऑपोझिट’नंतर ‘टू’ लावायचं की नाही? स्वतःचंच वाक्य तोंडाबाहेर पडण्याआधी त्याच्या डोळ्यांपुढे चार तुकडे होऊन उभं राहतं, आणि तोवर प्रवासी ई-रिक्षात बसून गेलेला असतो. खाली दुकानात मात्र ‘पार्टीचं पेमेंट पेंडिंग आहे, सॅम्पल पाठवून दे’ हे कानांवर पडत असतं. त्यात मराठी नावापुरतं, काम सगळं इंग्रजीनं उरकलेलं, आणि पेमेंट येतंही. ही इंग्रजी आपला माणूस हिशेबातच धरत नाही, कारण तिच्यावर प्रश्न येत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. २०२३च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर. एवढ्यांना बोलतं करून कोण तपासणार? पर्यायी प्रश्नांवाचून गत्यंतर नाही, हे मान्य. पण त्या शंभर प्रश्नांतही पंचवीस इंग्रजीचे होते, आणि निवड झालेला तलाठी सातबारा आणि फेरफार मराठीतच लिहिणार. म्हणजे ही इंग्रजी कामासाठी नाही, गर्दी चाळण्यासाठी आहे. चाळणीचे डोळे बारीक असले म्हणजे झालं. ती कसली आहे याला महत्त्व नाही. दुसरा आक्षेप विद्वानांचा: घोकंपट्टीनं भाषा येते का? त्यांनी अमरकोश आठवावा. आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या पोरांनी समानार्थी शब्दच पाठ केले, तेही चालीवर. फरक एवढाच, की त्या पोरांपुढे पाठांतरानंतर काव्य वाचायला ठेवलेलं असे. याच्यापुढे पाठांतरानंतर मॉक टेस्ट असते. वाचन वाढतं म्हणाल, तर उताऱ्याचे प्रश्न तो आधी वाचतो आणि उतारा नंतर, तोही उत्तरापुरता. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली सुरू केलेला ‘हितवाद’ याच नागपुरात छापला जातो. पण तो उघडून गावातली बातमी वाचायला याला सवड नसते, कारण दिल्लीच्या संपादकीयातले अवघड शब्द अधोरेखित केलेली पीडीएफ सकाळीच मोबाईलवर आलेली असते.

इतकं असूनही व्याकरण त्याच्या अंगी मुरलेलं नाही, असं म्हणणं अन्याय होईल. संकेतार्थाचे तिन्ही प्रकार तो जगला आहे. जाहिरात निघण्यापूर्वी पहिला: आली तर काढीन. परीक्षेच्या आदल्या रात्री दुसरा: मी तहसीलदार असतो तर, इथं ‘वॉज’ चालत नाही, ‘वेअर’च लागतं, हे तो मनातसुद्धा चुकत नाही. निकालाच्या दिवशी तिसरा: ते दोन प्रश्न सोडले असते तर. ‘नो सूनर’नंतर ‘दॅन’ येतं हे त्याला पुस्तकानं शिकवलं, पण पटवलं ते तारीख जाहीर होते न होते तोच पुढे ढकलणाऱ्या परिपत्रकांनी. आणि चालू पूर्ण काळाची तर त्याला गरजच नाही, कारण नागपूरच्या बोलीत तो आयताच आहे. संध्याकाळी टपरीवर शाळेतला जुना मित्र भेटतो आणि विचारतो, “काय करून राहिला बे सध्या?”

“तयारी करून राहिलो.”

“कधीपासून?”

इथं तो क्षणभर थांबतो. मुदत सांगायची तर ‘फॉर’, सुरुवात सांगायची तर ‘सिन्स’. मग चहाचा ग्लास खाली ठेवून ठामपणे म्हणतो, “सिन्स २०१९.”